शनिवारचा पूर्वपक्ष

"चारू, तू हेमराजचं मॉडेल मांडायचंस. हेमराज, तू चारूचं. येत्या शनिवारी," नाबर सर म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

हेमराज ढोमणे माझ्याकडे बघून हसला. "मजा येईन, ताई," तो म्हणाला.

मला कसली मजा! मी नुसती मान हलवली आणि माझे कागद गोळा करून बाहेर पडले.

नाबर सरांच्या गटात ही रीतच होती. जुन्या शास्त्री लोकांच्या वादात आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवावं लागे आणि मगच आपलं. सर त्याला पूर्वपक्षच म्हणत. दोन मॉडेलांतून एक निवडायची वेळ आली, की दोघांनी अदलाबदल करायची. दुसऱ्याचं मॉडेल आपलं समजून फळ्यावर मांडायचं, आणि ज्याचं ते असेल त्यानं समोर बसून त्याच्यावरच प्रश्नांचा भडिमार करायचा. मांडणाऱ्यानं कुचराई केली तर त्याचं स्वतःचं मॉडेल बाद. मांडता मांडता त्यानं काही नवी भर घातली तर ती मूळ मालकाच्या नावावर. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हा प्रकार पोरखेळ वाटायचा. आम्हाला शुक्रवारी जेवण जात नसे.

त्यात या वेळी नुसतं मॉडेल निवडायचं नव्हतं. आमच्या संस्थेत गणिती जीवशास्त्राची एक जागा कायम होणार होती. एकच. समितीपुढे आमच्या गटातलं एक काम जाणार होतं. ज्याचं काम जाईल तो राहणार आणि दुसऱ्यानं आपलं बिऱ्हाड उचलायचं, हे सरांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, पण कँटीनच्या शेट्टींनाही ते ठाऊक होतं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या पुण्यातली. संस्था पाषाणच्या बाजूला, टेकडीच्या अंगाला. मी तिथे पाच वर्षं काढली होती. मालवणहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कायम झालंस काय गो?" कायम झाले की लग्नाचं टुमणं लावायचं नाही, असा आमचा करार होता. पण आईचं निमित्त. ती जागा मला हवी होती ती माझ्यासाठी. या एका कामाशिवाय मला दुसरं काही धड येत नव्हतं, आणि ते काम देशात दोन-तीन ठिकाणीच चालत होतं.

आणि हेमराजला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

तो यवतमाळकडचा. लांब हातांचा, त्यामुळे सदऱ्याच्या बाह्या कायम आखूड. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. मी त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठी होते, पण त्याच्या तोंडून ताई ऐकलं की मला माझे पिकलेले केस आठवायचे. तेही सहन केलं असतं. सरांचं काय करायचं? पाच वर्षांत सरांनी मला खोलीत बोलावलं ते चुका दाखवायला. त्याला बोलवायचे ते गप्पा मारायला. भिंतीपलीकडून सरांचं हसणं ऐकू यायचं. सरांना हसता येतं हे मला त्या वर्षी कळलं.

मी जळत होते. उगाच मऊ शब्द कशाला शोधू? चांगली चुलीसारखी जळत होते. त्याला सर्दी झाली तरी मला बरं वाटायचं.

आम्हा दोघांची मॉडेलं एकाच गोष्टीची होती. एड्सचा विषाणू शरीरात शिरतो आणि स्वतःच्या नकला काढत सुटतो. नकला काढताना इतका निष्काळजी, की जवळजवळ प्रत्येक नकलेत काही ना काही चूक. त्यामुळे त्याचं तोंड सारखं बदलतं. शरीर एका तोंडाला ओळखून त्याच्याविरुद्ध पेशींची पलटण उभी करतं, तोवर दुसरं तोंड तयार. तरीही माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो आणि मग एकदम कोसळतो. का कोसळतो, आणि कधी? हे समीकरणांत पकडायचं होतं. औषधं तेव्हा आली होती, पण सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. कुणाला आधी द्यायची हे ठरवायला आमच्या आकड्यांचा उपयोग होईल, अशी डॉक्टर खतीब बाईंना आशा होती. त्यांच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या रक्ताचे अहवाल आम्हाला मिळायचे, नावं काढून.

माझं मॉडेल साधं होतं. विषाणूची सगळी तोंडं एकत्र मोजायची आणि शरीराची एकच मोठी पलटण धरायची. पहिली काही वर्षं ते खतीब बाईंच्या रुग्णांशी छान जुळायचं, पुढे भरकटायचं. हेमराजचं मॉडेल देखणं होतं. त्यात प्रत्येक तोंडाला त्याची त्याची वेगळी पलटण. तोंडं वाढतील तशी समीकरणंही वाढत जायची, तरी एकही ओळ फाजील वाटायची नाही. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, की हे आपल्याला का नाही सुचलं? तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

आता तेच मला मांडायचं होतं.

मोठी गणितं करायला आमच्या मजल्यावर एकच मशीन होतं. सकाळची वेळ माझी. आधी आलेल्याचा हक्क म्हणून ती मला मिळाली होती आणि हेमराज आल्यावरही मी ती सोडली नव्हती. त्या आठवड्यात माझं काम खरं तर आटोपलं होतं. तरी मी रोज सकाळी जाऊन मशीनपुढे बसायचे. झालेलंच गणित पुन्हा लावायचे आणि पडद्यावर आकडे धावताना बघत राहायचे.

हेमराज दारात यायचा. "ताई, तुमचं चालू हाये का?"

"चालू आहे."

"हाव, चालू द्या. मी बसतो इथं. घाई नाही काही."

आणि खरंच व्हरांड्यात स्टूल टाकून बसायचा. पेन्सिलीनं काहीतरी खरडायचा, भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. गुरुवारी तर मूठभर दाणे सोलून कागदावर घेऊन आला. "घ्या. सकाळपासून बसून राहिल्या तुम्ही. चहा तरी घेतला का?"

"घेतला," मी म्हणाले. दाणे घेतले नाहीत. तो ते मशीनशेजारी ठेवून गेला.

चिडून मी म्हटलं, बसलेच आहे तर याचंच मॉडेल लावून बघू. मांडायचं तर होतंच. त्याची समीकरणं मशीनला घातली. एक-दोनदा चालवली. तिसऱ्यांदा चालवताना एका आकड्यावर माझी नजर अडकली. वर्षं जातील तशी शरीराची सगळी ताकद हळूहळू कमी होते, असं सांगणारा आकडा होता तो. तो समीकरणांतून आपोआप निघत नव्हता. हेमराजनं तो हातानं ठेवला होता.

मी तो काढून टाकला.

मॉडेलमधला माणूस अमर झाला! विषाणूनं कितीही तोंडं बदलू देत, प्रत्येक तोंडाला नवी पलटण भिडायची आणि त्याला दाबून टाकायची. माणूस कोसळायचाच नाही. म्हणजे एवढ्या देखण्या मॉडेलच्या बुडाला ठिगळ होतं. ठिगळ काढलं की आत काही नाही. माणूस का कोसळतो, हा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यात नव्हतंच.

मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत एक फेरी मारली. मग पुन्हा बसले. असं का होत असेल म्हणून त्या ओळींकडे बघत राहिले. बाहेर हेमराज अजून बसलेला होता. मधूनच मान वर करून दाराकडे बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. मी कधी त्याच्याकडे, कधी पडद्याकडे बघत होते. आणि बघता बघता, त्या समीकरणांत काय राहिलंय, तेही मला कळलं.

मी ते कुठे लिहिलं नाही. मशीन बंद केलं, "हं, झालं माझं," असं म्हणून त्याच्या अंगावरून निघून गेले.

माझा हिशेब सरळ होता. मला त्याचं मॉडेल जसं आहे तसं मांडायचं होतं. जसं आहे तसं मांडणं म्हणजे कुचराई नव्हे. ठिगळ कुणाच्या नजरेला आलं तर आलं. ते आपलं आपण झाकायचं, वर तिथे नवं कापड लावायचं, असं कुठल्या नियमात म्हटलं होतं?

शनिवारी सकाळी आधी हेमराज फळ्यापाशी उभा राहिला. समोर सर, खतीब बाई, गटातले बाकीचे विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत मी. त्यानं माझं मॉडेल मांडलं ते, काय सांगू, माझ्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं. ते साधं का आहे, साधं असण्यात धीटपणा कसा आहे, कुठवर ते साथ देतं आणि कुठे सोडतं, हे त्यानं असं सांगितलं जसं काही आपल्या थोरल्या बहिणीचं कौतुक करतोय. माझंच मॉडेल मला पहिल्यांदा आवडलं. आणि ते त्याच्या तोंडून आवडावं, याचा संताप आला.

मग मला स्वतःच्या कामावर प्रश्न विचारायचे होते. मी दोन विचारले.

"चारू," सर म्हणाले, "प्रश्न विचारतेयस की हळदीकुंकू लावतेयस?"

सगळे हसले. मी तिसरा जरा धारेचा विचारला. हेमराजनं तोही निभावला. शेवटी सर म्हणाले, "बरं आहे. समितीपुढे न्यायला लाज वाटणार नाही." सरांच्या तोंडी ही मोठीच स्तुती होती.

नंतर मी उठले. त्याचं मॉडेल मांडलं आणि चांगलं मांडलं. कुचराईचा आळ मला नको होता. पलटणी, तोंडं, त्यांची वाढ, सगळं ओळीनं फळ्यावर आलं. कमी होत जाणाऱ्या ताकदीचा तो आकडाही जिथे होता तिथेच लिहिला आणि पुढे गेले. आता प्रश्न हेमराजचे.

तो उठला. "ताई, हा जो आकडा हाये, ताकद कमी होण्याचा, हा कुठून आला?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "रुग्णांच्या अहवालांवरून घेतलाय."

"घेतला म्हणजे ठेवला. समीकरणातून निघून नाही राहिला."

"नाही."

"काढला तर?"

त्याला माहीत होतं! त्याला ठिगळ माहीत होतं, आणि तो पठ्ठ्या सरांसमोर, समिती तोंडावर आलेली असताना, स्वतःच्या हातानं ते उसवत होता. चेहऱ्यावर कुठे आठी नाही. मी म्हणाले, "काढला तर माणूस कोसळत नाही."

"म्हणजे तुमच्या मॉडेलमधला पेशंट मरतच नाही?" खतीब बाईंनी मागून विचारलं. "मग मला पत्ता द्या त्याचा, भेटून येते. माझ्याकडचा एक ड्रायव्हर गेल्या महिन्यात गेला. इतकी वर्षं ट्रक चालवत होता, साधा खोकला नाही. आणि दिवाळीनंतर बघता बघता संपला. त्याच्या बायकोनं मला विचारलं, असं एकदम काय झालं? मी काय सांगू तिला? एक आकडा ठेवला होता म्हणून?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "चारू, याला उत्तर आहे?"

मी नुसतं "नाही, सर" म्हणायचा अवकाश, हेमराजचं मॉडेल बाद होत होतं. माझ्या कुचराईनं नव्हे, त्याच्याच प्रश्नानं. माझं समितीपुढे जात होतं. जागा माझी होती. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात हेमराज म्हणाला, "सर, ताईले नका ना विचारू. वर्षभर डोकं फोडलं, मले नाही सुचलं. त्यांना आठवड्याभरात कसं सुचणार? हा दोष माझा हाये, त्यांचा नाही."

किती मायेनं म्हणाला! मला सांभाळून घेत होता. मला! जे याला सुचलं नाही ते मला कसं सुचणार, हे त्यानं इतक्या निर्मळ मनानं गृहीत धरलं होतं, की माझ्या डोक्यात तिडीक उठली. पाच वर्षं त्या फळ्यासमोर काढून मी या पोराच्या दयेवर खाली बसायचं?

"सुचलंय मला," मी म्हणाले.

खडू हातातच होता. मी फळ्याकडे वळले.

"या मॉडेलमध्ये सगळ्या पलटणी गुण्यागोविंदानं नांदतात," मी म्हणाले. "जो तो आपापल्या विषाणूपुरतं बघतो. दुसऱ्याच्या ताटात कुणी डोकावत नाही. असं कुठे असतं का? शरीराकडे शिधा एकच आहे. वाढायला मदत करणाऱ्या पेशी मोजक्याच, आणि विषाणू त्यांनाही मारतोय. जी पलटण आधी आली ती मोठी झालेली. तिच्या वाट्याचं तोंड केव्हाच दबलं, तिला आता फारसं काम नाही, तरी ती जागा सोडत नाही. शिधा अडवून बसते. नवं तोंड येतं, त्याच्यासाठी नवी पलटण तयार होते. ती चांगली आहे, कदाचित जुनीपेक्षा जास्त चांगली, पण ती दारात ताटकळते. तिला वाढूच दिलं जात नाही."

बोलता बोलता माझे कान तापले. मशीनपुढची माझी खुर्ची आणि व्हरांड्यातलं ते स्टूल मला फळ्यावर दिसायला लागलं होतं. पण हात थांबला नाही. प्रत्येक पलटणीच्या समीकरणात मी एक टर्म घातली. बाकी सगळ्या पलटणी जेवढ्या मोठ्या, तेवढी हिची वाढ कमी.

"आता तो हातानं ठेवलेला आकडा काढा," मी म्हणाले. "थोडी तोंडं असली की निभतं. तोंडं वाढत जातात तशा अडवून बसणाऱ्या पलटणीही वाढत जातात. एका मर्यादेनंतर नव्या पलटणीला उभंच राहता येत नाही आणि माणूस कोसळतो. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग एकदम. त्याच्या शरीरात सैनिक कमी नव्हते. जे होते त्यांनी नव्यांना येऊ दिलं नाही."

खतीब बाई पुढे आल्या. फळ्यावरच्या त्या टर्मवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हा माझा ड्रायव्हर."

सर उठले. त्यांनी डस्टर घेतलं, हेमराजच्या ठिगळाचा आकडा पुसला आणि माझी टर्म तशीच ठेवली. "हेमराजचं मॉडेल समितीपुढे जाईल," ते म्हणाले.

हेमराज ताडकन उठला. "असं कसं, सर? ही टर्म ताईची हाये. मॉडेल वाचलं ते त्यांच्यानं. मी नाही घेणार हे."

"बस खाली. मांडणाऱ्यानं घातलेली भर मालकाची. नियम माहीत आहे ना?"

"पण सर, हा काही न्याय नाही झाला."

"नसेल," सर म्हणाले. "पण आज नियम मोडला, तर उद्यापासून इथे मांडायला उभा राहणारा प्रत्येक जण आपली भर खिशात ठेवील. मग हा फळा बंद केलेला बरा."

ते माझ्याकडे बघत नव्हते. तरी मी मान खाली घातली. खिशात ठेवण्याबद्दल त्यांना काही कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

जागा हेमराजला मिळाली. शोधनिबंधावर त्यानं हट्टानं माझं नाव आपल्या बरोबरीनं घातलं, सरांशी भांडून. जिथे तिथे सांगत सुटला, की जीव ओतला तो ताईनं. मला निदान त्याचा राग राग करायची तरी सोय राहावी, तर त्यानं तीही ठेवली नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे आता?" मी म्हणाले, "आता नाशिक." तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवायचं काम मिळालं होतं. ते मी पुढे कित्येक वर्षं केलं. मालवणची लग्नाची टुमणी ऐकत ऐकतच केलं.

निघाले त्या दिवशी सामान खाली न्यायला हेमराजच आला. नको म्हटलं तरी ऐकेना. पुस्तकांची खोकी एकावर एक रचून त्याच्या त्या लांब हातांत घेतली आणि जिना उतरला. रिक्षात खोकी बसवून झाली तरी तो बाजूला होईना.

"ताई, एक विचारू? राग नका येऊ देऊ."

"विचार."

"ते तुम्हाले सुचलं कसं? मी ते समीकरण वर्षभर रोज पाहून राहिलो होतो. समोरच होतं. मले काहून नाही दिसलं?"

त्याला ते खरंच हवं होतं. तो झोपेतसुद्धा त्याच प्रश्नाशी झगडत असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि आता लपवून मला काय मिळणार होतं?

"तुझ्यावर जळून, हेमराज," मी म्हणाले. "तू आलास तेव्हापासून मी रोज जळत होते. तुला मशीन मिळू नये म्हणून काम नसतानाही बसून राहायचे. तू बाहेर ताटकळायचास आणि मी आत बसून तुला बघायचे. तिथेच दिसलं मला."

तो मग इतक्या मोठ्यानं हसला, की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

"बाप्पा! तुम्ही पण ना, ताई," तो डोळे पुसत म्हणाला. "सांगायचं नसन तर नका सांगू."